शुभेच्छुकांच्या रांगेत

बसवेशला आपला चेहरा दिसला तेव्हा केएमटीची बस संभाजीनगरच्या नाक्यावर एका म्हशीसाठी थांबली होती. म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी राहून कसलासा विचार करत होती आणि ड्रायव्हर तिला तो पुरा करू देत होता. बसवेशला खिडकीजवळची जागा मिळाली होती म्हणून तो बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक नवा फ्लेक्स होता. काल तो तिथं नव्हता. पण कोल्हापुरात फ्लेक्स काल नव्हता आणि आज आहे याचं कुणी आश्चर्य करत नाही, अळंब्यांसारखे ते रात्रीत उगवतात. 'किंगमेकर जोतीरामदादा यांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा!' मधोमध दादा, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मोबाइल कानाला, चेहरा असा की पलीकडं खुद्द दिल्ली बोलत असावी. मागं बर्फाचे डोंगर, बाजूला वाघ. वाघाचा चेहरा दादांच्या मानानं समजूतदार आला होता. खाली शुभेच्छुक, दोन रांगांत, पोस्टाच्या तिकिटांसारखे कापलेले चेहरे आणि प्रत्येकाखाली नाव: सोन्या, बाळू, पप्या, डॉन. आणि खालच्या रांगेत, कडेच्या अलीकडचा, खाली नाव नसलेला चेहरा बसवेशचा होता.

त्याला आधी वाटलं, आपल्यासारखा दिसणारा कुणीतरी असेल. आपल्यासारखी माणसं ढिगानं असतात ही त्याची जुनी समजूत होती आणि आजवर तिला कुणी धक्का लावला नव्हता. पण त्या चेहऱ्याची डावी भुवई मध्येच तुटलेली होती. ती भुवई त्याचीच. लहानपणी मुरगूडच्या दुकानात तराजूच्या पारड्यावर आपटून ती तशी झाली होती, आणि अशी भुवई दुसऱ्या कुणाची असेल तर त्याच्याही बापाचं किराणा दुकान असायला हवं. तेवढ्यात म्हशीचा विचार संपला. बस हलली. बसवेश मान वळवत वळवत मागं बघत राहिला.

"पावणं, मान मोडंल," शेजारचे गृहस्थ म्हणाले. "उतरायचं ऱ्हायलं काय?"

"न्हाय."

"मग काय बघायलाय?"

"काय न्हाय."

गृहस्थांनीही मागं वळून फ्लेक्सकडं पाहिलं. मग बसवेशकडं पाहिलं. मग पिशवीतली मेथीची जुडी उगाच खालवर केली. त्यांनी ओळखलं का? ओळखलं असेल तर बोलले का नाहीत? आणि ओळखलं नसेल तर मेथीला हात का लावला? कॉलेज येईपर्यंत तो हाच हिशेब करत होता. जोतीरामदादा कोण, हे त्याला माहीत नव्हतं. ज्याला आपण ओळखत नाही त्या माणसाच्या वाढदिवसाचा आपल्याला एवढा आनंद झालेला आहे, हे त्याला बसच्या खिडकीतून कळलं होतं.

बरं, ही जागा काही रस्त्यावर पडलेली नसते. वरच्या रांगेतला चेहरा थोरला, खालच्या रांगेतला धाकटा, आणि खालून वर सरकायला पोरं तीन-चार गणपती घालवतात. मांडव बांधतात, ट्रॅक्टर ओढतात, दादांच्या मागं मोटरसायकली पळवतात. बसवेश कळंब्यात, जेलच्या मागच्या अंगाला, अंबूबाईंच्या घरी कॉट भाड्यानं घेऊन राहणारा बीकॉमचा विद्यार्थी. कुठं राहतोस म्हणून कुणी विचारलं आणि त्यानं 'कळंब्यात' म्हटलं की, "कधी सुटलास?" एवढा एकच प्रश्न येई, आणि बहुतेक ओळखी तिथंच संपत. गल्लीतल्या मंडळाची पोरं वर्गणी मागायलासुद्धा त्याच्या कॉटपर्यंत येत नसत. अशा माणसाला ही जागा फुकट मिळाली म्हणजे तिच्यात काहीतरी आहे. आप्पा, म्हणजे त्याचे वडील नागाप्पा, दुकानात त्याला लाडानं म्हणायचे, "तम्मा, गिऱ्हाईक लई गोड बोलाय लागलं की त्येच्या तोंडाकडं न्हाय, हाताकडं बघावं." बसवेशनं हा धडा एवढा मनावर घेतला होता की कुणी नीट बोललं की त्याची नजर आपोआप हातांकडं जायची.

दोन हजार आठ साल होतं. त्या वर्षी कॉलेजातला प्रत्येक माणूस दोन ठिकाणी असायचा, एक वर्गात आणि एक ऑर्कुटवर, आणि भाव दुसऱ्याला जास्त होता. वर्गात कुणाशी बोलला नाहीत तरी चालत होतं. पण ऑर्कुटवर एखाद्याच्या स्क्रॅपबुकात आठवडाभर कुणी काही लिहिलं नाही की वर्गात त्याच्याकडं आजाऱ्याकडं पाहावं तसं पाहिलं जाई. बसवेश रोज दुपारी सायबर कॅफेच्या पडदा लावलेल्या खोपट्यात बसून स्वतःचं पान उघडायचा. त्याच्या स्क्रॅपबुकात बहुतेक उत्तरं होती. त्यानं कुणालातरी 'हाय' लिहिलेलं असे, म्हणून त्यांनी 'हाय' लिहिलेलं असे. मित्रांनी तुम्हाला 'कूल' ठरवायची तिथं सोय होती, ती बर्फाच्या तुकड्यांत मोजली जायची, आणि तीनपैकी दीड तुकडा त्याच्या वाट्याला आला होता. दीड कूल म्हणजे नेमकं काय, आणि उरलेला दीड कुणी अडवून धरलाय, हे कळायला मार्ग नव्हता. तुमच्या पानावर कोण कोण डोकावून गेलं त्यांची नावंही दिसत. पण मग तुम्ही कुणाच्या पानावर गेलात की तुमचंही नाव त्याला दिसे. त्यामुळं बसवेश रोज दानेश्वरीच्या पानाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत येत होता. दानेश्वरी त्याच्याच वर्गातली, गडहिंग्लजची, हॉस्टेलवर राहणारी. तिनं स्वतःच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल लावलं होतं. ते फूल बसवेशला आता तिच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीचं झालं होतं.

त्याचा स्वतःचा जो फोटो त्या पानावर होता तोच फ्लेक्सवर होता. पन्हाळ्यावर तबक बागेच्या कठड्याशी, आरिफनं आपल्या मोबाइलवर काढलेला. आरिफ त्याच्या बाकावरचा, त्याला 'बसू' म्हणणारा. सकाळी कॉलेज करायचा आणि दुपारी मामूंच्या, म्हणजे बाबालालमामूंच्या, डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचा. दुकानात नेऊन त्यानं फोटोतली मागची कणसं भाजणारी बाई पुसली, बसवेशच्या कपाळावरचा घाम पुसला, गाल थोडे उजळले आणि म्हणाला, "आता बघ. आता तुला पोरगी दाखवाय आणतील." फोटोतला बसवेश हसत होता. एरवी फोटो म्हटला की त्याच्या चेहऱ्यावर पासपोर्ट ऑफिसची कळा यायची. पण इथं मोबाइलमागून आरिफ काहीतरी अचरट बोलला होता आणि सावध व्हायच्या आत बसवेशला हसू फुटलं होतं. पुढं किती वेळा तो पान उघडून त्या चेहऱ्याकडं बघत बसला! हा आपण नव्हे, आपला नोकरीला लागलेला थोरला भाऊ असावा, असं त्याला वाटायचं, आणि त्या भावाचा थोडा रागही यायचा. तर हा फोटो दोनच ठिकाणी होता. ऑर्कुटवर, म्हणजे सगळ्या जगात. आणि आरिफच्या कॉम्प्युटरात. जगावर संशय घेणं अवघड, आरिफवर सोपं. पण आरिफ मित्र होता. 'मित्र' हा शब्द मनात आला की बसवेश तो नारळासारखा कानाशी धरून हलवून बघे, आत काही वाजतं का.

वर्गाच्या दारातच गुंडू उभा होता. हा गुंडू जन्मापासून कुणाच्या ना कुणाच्या वाटेत उभा राहण्यासाठीच मोकळा असावा.

"आरारारा! शुभेच्छुक आलं की! सरका रं, वाट द्या दादांच्या माणसाला."

"कुणी लावलाय रं त्यो?"

"तोंड तुझं, बोर्ड तुझ्या दादाचा, आनि इचारतोस मला? लेका, एवढी वळख ठेवून आमच्यासंगं पाच रुपयाचा वडा वाटून खात हुतास व्हय?"

"मी वळखत न्हाय त्या दादाला."

"बघा! मोठी माणसं अशीच बोलत्यात."

सगळे हसले. बसवेश प्रत्येकाचं हसणं वेगवेगळं काढून तपासत होता. गुंडूचं हसणं वर वर होतं. त्याच्या डोळ्यांत दुसरंच काहीतरी होतं, आणि तो आदर असावा अशी शंका आल्यावर बसवेश जास्तच घाबरला. आरिफ बाकावर वहीत वाघ काढत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. नेहमी करतो. आज केली नाही. विचारावं, हे बसवेशच्या ओठांवर आलं होतं: माझा फोटो कुणाला विचारून लावलास? पण मधल्या सुट्टीत दानेश्वरी आपणहून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा. गुलाबाचं फूल बोलायला लागल्यासारखं त्याला वाटलं.

"बसवेश, एक काम होतं. आमच्या हॉस्टेलच्या फाटकासमोर दोन मुलं रोज गाडी लावून बसतात. जाता-येता काहीही बोलतात. रेक्टरबाईंना सांगितलं, तर त्या म्हणतात, खाली मान घालून चालत जा."

"मग?"

"मग तुझ्या त्या लोकांना सांग ना. दादांच्या."

खरं सांगायची हीच वेळ होती. बसवेशनं तिच्या हातांकडं पाहिलं. हातात फक्त रुमाल होता, पिळलेला. "बघतो," तो म्हणाला, आणि तो आवाज त्याच्या थोरल्या भावाचा होता.

त्या दिवसापासून तो आरिफला काही विचारायचं टाळू लागला. विचारलं तर उत्तर येणार. उत्तर आलं की हे संपणार. कॉलेज सुटलं की तो एक थांबा अलीकडं उतरायचा, नाक्यावरच्या चहाच्या गाड्याशी फ्लेक्सकडं पाठ करून उभा राहायचा आणि चहा संपत आला की सहज कंटाळल्यासारखं वळायचा. ऊन उतरताना वाघावर सावली यायची, पण खालची रांग झळाळायची. सोन्या, बाळू, पप्या, डॉन, सगळे रस्त्याकडं अशा नजरेनं बघत होते की रस्ता त्यांचं काही देणं लागत असावा. त्यांच्यात हा एकटाच हसत होता. नाव नसल्यामुळं तो उलट जास्त महत्त्वाचा वाटत होता, ज्याला नावाची गरज नाही असा कुणीतरी. एकदा चहावाल्यानं त्याच्याकडं बघितलं, फ्लेक्सकडं बघितलं, आणि कप न सांगता पुन्हा भरला. बसवेशनं तो चहा प्यायला, पण घोटाघोटाला विचार करत. अंबूबाई संध्याकाळी म्हणाल्या, "दादाचा माणूस हाईस म्हनं? मग ते नळाचं पाणी तेवढं जोरात सोडाय सांग की, बाबा." आणि त्याच्या आमटीवर तेलाची तर्री जास्त आली. ती खरी भूक ओळखून आली की नळासाठी आली, हे ठरवता ठरवता आमटी गार झाली. ऑर्कुटवर न बोलवता माणसं येऊ लागली. 'भावा लय भारी', 'दादा लक्ष असू द्या'. न ओळखणाऱ्यांनी मैत्री मागितली. बर्फाचे तुकडे अडीच झाले. ज्यांनी आजवर कूल मानलं नव्हतं त्यांना एकाएकी आपल्यात गारवा कुठं सापडला, हे त्याला कळेना. सगळं मिळून ही एक मोठी थट्टा आहे, गुंडूनं सगळ्यांना वाटून दिलेली, आणि एका ठरलेल्या दिवशी सगळे एकदम हसणार आहेत, असं त्याला दिवसातून अनेकदा वाटायचं. आणि दिवसातून तितक्याच वेळा तो आरशात बघून डावी भुवई वर चढवायचा.

अशात हॉस्टेलसमोरची ती दोन मुलं बसायची बंद झाली. कुणी म्हणालं त्यांच्या परीक्षा आल्या, कुणी म्हणालं गाडी बँकेनं ओढून नेली. बसवेशनं त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं. दानेश्वरीनं मात्र त्याच्यासाठी ऑर्कुटवर चार ओळींचं प्रशस्तिपत्र लिहून पाठवलं. ज्याला लिहिलं त्यानं मंजूर केलं की मगच ते सगळ्यांना दिसतं, अशी तिथली रीत होती. 'बसवेश दिसतो शांत, पण वेळेला उभा राहणारा मित्र आहे. त्याच्यामुळे आम्ही मुली मान वर करून चालतो.' त्यानं ते मंजूर केलं नाही, पुसलंही नाही. रोज उघडून वाचत राहिला. 'दिसतो शांत' म्हणजे काय? 'आम्ही मुली' म्हणजे ती एकटी नव्हे, म्हणजे सगळ्यांत बसून लिहिलेलं? आणि मान वर करून चालतात म्हणजे वर बघून हसतात की काय? पडद्याआड खोपट्यात बसून तो वाचायचा आणि त्याचे कान तापायचे. ज्याची तारीफ चालली आहे तो माणूस जर एकदा भेटला असता तर आपण त्याच्याकडंच दाद मागितली असती, असं त्याला वाटे. आई, रत्नव्वा, घरी कुणी पाहुण्यानं त्याचं कौतुक केलं की मीठमोहऱ्या घेऊन उठायची आणि दृष्ट काढून टाकायची. 'चांगलं बोललेलं अंगावर ठेवू नये,' म्हणायची. इथं मीठमोहऱ्या कुठं ओवाळायच्या? मॉनिटरवर?

आणि पुढच्याच आठवड्यात, एका दुपारी, चहाचा कप हातात घेऊन तो नेहमीसारखा कंटाळून वळला तर त्याच्या जागी दुसराच माणूस होता. रुंद जबड्याचा, केसांना जेल लावलेला. खाली नाव: गन्या. नवा चौकोनी तुकडा जुन्या चेहऱ्यावर चिकटवला होता आणि त्याची एक कड वाऱ्यानं हलत होती. बाकी सगळं होतं तसंच, वाघ तसाच समजूतदार, दादा दिल्लीशी बोलतच होते.  लहानपणी बसवेश दुकानाच्या गादीवर ऐटीत बसलेला असायचा आणि मोठं गिऱ्हाईक आलं की आप्पा सगळ्यांदेखत दंडाला धरून त्याला खाली उतरवायचे. तो स्पर्श आता त्याला पुन्हा दंडावर जाणवला. कुणी कुणी पाहिलं असेल? गुंडूनं तर पाहिलंच असेल. दानेश्वरी या रस्त्यानं येते का? चहावाल्यानं आज कप भरला होता का, की अर्धाच ठेवला होता? त्यानं कपात बघितलं. त्यातला थोडा चहा तो प्यायला होता, त्यामुळं तेही आता सिद्ध होण्यासारखं नव्हतं. तो चालत निघाला. आता विचारायचंच. इतके दिवस घोळवलेला प्रश्न त्यानं वाटेत पुन्हा पुन्हा जुळवला: माझा फोटो कुणाला विचारून लावलास?

दुकानात शाईचा उग्र वास कोंडला होता. थोरलं यंत्र इकडून तिकडं सरकत कुणाचंतरी नाक छापत होतं. कपाळ छापून झालं होतं, ओठ अजून यायचे होते. बाबालालमामू यंत्राशी उभे होते. दोन दिवस कॉलेजात न आलेला आरिफ कॉम्प्युटरशी, भिंतीकडं तोंड करून. त्यानं मान न वळवता पावलं ओळखली.

"ये बसू. बस."

"मला का काढलं?" बसवेश म्हणाला.

हा तो प्रश्न नव्हता. पण तोंडातून हाच पडला, आणि पडल्यावर त्यालाही नवल वाटलं नाही.

आरिफ म्हणाला, "काढलं न्हाय. झाकलंय."

"कुणी?"

"ज्येंचा बोर्ड हाय त्येंनी. एवढं दिवस कुणी निरखून बघितलं नव्हतं. परवा बघितलं, तर एकजण म्हणाला, ह्यो कोण? दुसऱ्याला म्हाईत न्हाय, तिसऱ्याला म्हाईत न्हाय. मग ठरलं, पलीकडच्या गल्लीनं आपल्यात माणूस घुसवलाय."

"कुणाला?"

"तुला की."

बसवेशला क्षणभर बरं वाटलं. आपल्यावरही कुणी एवढा संशय घेऊ शकतं. एका पूर्ण गल्लीनं बसून आपला विचार केला. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही. "आनि मुळात लावलास कशाला?"

"गन्याचा फोटो टायमात आला न्हाय. रांगेत एक जागा बोळकी दिसाय लागली. तुझा फोटो समोर हुता. टाकला."

"म्हणजे भरतीला."

"आता भरतीला म्हण."

"आरं खरं सांग की त्येला!" यंत्राच्या आवाजावरून मामू ओरडले. ते हात पुसत पुढं आले. "तू व्हय तो बसवेश? आरं पोरा, मी ह्येला म्हटलं हुतं, ऱ्हाऊ दे मोकळी जागा, वाघ जरा हिकडं सरकव. तर ऐकतोय कुठं! न्हाय मामू, माझा दोस्त हाय, त्येला ह्या गावात कुत्रं वळखत न्हाय, त्या नेटवर बसून जिवाला खातोय. चार दिवस झळकू दे की. मी म्हटलं झळकू दे. आनि परवा त्या बहाद्दरांनी यिऊन भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, ह्येच्या थोबाडीत दिली. दोन पोरांनी धरलं हुतं. बघ, बघ गाल."

"मामू, बास की आता," आरिफ म्हणाला आणि वळला. डाव्या डोळ्याखाली निळं पडलं होतं. गाल इतका सुजला होता की ओळखीचं हसू त्या बाजूला पोहोचेना.

थट्टेची बसवेशनं सगळी तयारी करून ठेवली होती. थट्टा झाली तर काय बोलायचं, कसं निघून जायचं, कुणाशी बोलायचं बंद करायचं. कुणी कीव केली तर काय करायचं याची काहीच सोय त्याच्याकडं नव्हती. 'जिवाला खातोय.' म्हणजे हे दोघं आपल्यावर बोलले. इथं, या वासात, यंत्र चालू असताना. 'कुत्रं वळखत न्हाय,' हे शब्द मामूंचे की आरिफचे? बोलताना आरिफ हसला असेल का? त्यानं आपल्याला पुसून, उजळून, रांगेत लावलं, जसं कुणी पांगळ्याला जत्रेत खांद्यावर घेतं. आणि आपण तिथनं हात हलवत राहिलो. तो आरिफच्या गालाकडं बघत होता. इथं म्हणायचे शब्द असतात. अगदी साधे असतात, मुरगूडच्या बाजारात कुणीही बोलतं: लई लागलं काय रं. दवाखान्यात गेलतास काय. ते शब्द त्याला दिसतही होते. पण त्यांच्या पुढं दुसरंच एक वाक्य येऊन उभं राहिलं होतं, गेले कित्येक दिवस रांगेत ताटकळलेलं.

"पण खाली नाव का न्हाय टाकलंस?"

मामूंनी त्याच्याकडं पाहिलं आणि ते पुन्हा यंत्राकडं गेले. 

"नाव टाकलं असतं तर त्येंनी तुला हुडकून काढलं असतं," आरिफ म्हणाला. "मारताना त्येच इचारत हुते. नाव सांग, राहतोय कुठं सांग."

"मग?"

"मग काय? म्हाईत न्हाय म्हटलं. नेटवरनं उचललाय म्हटलं."

इतकं सरळ उत्तर. न अडखळता आलेलं. बसवेशच्या मनात तेवढ्यातही आलं की सरळ उत्तर तयार ठेवलेलं असतं. त्याची नजर आरिफच्या हातांकडं गेली. हात माउसवर होते, काहीच करत नव्हते.

"खरं?" बसवेश म्हणाला.

यंत्रानं ओठ छापायला घेतले होते. आरिफ त्याच्याकडं बघत राहिला, नीट, एखादा फोटो साफ करायला घेण्याआधी बघावं तसं. कुठून सुरुवात करावी, आणि करावी का. मग तो भिंतीकडं वळला.

"जा बसू. काम हाय मला."

दुसऱ्या दिवशी आरिफ कॉलेजात दुसऱ्या बाकावर बसला. गुंडूनं विचारलं, "काय रं, गालाला काय झालं?" तर म्हणाला, "गाडीवरनं पडलो." बसवेशनं ऐकलं. हे बोलणं त्याच्यासाठी होतं की गुंडूसाठी, याचा तो तास संपेपर्यंत अंदाज घेत राहिला. फ्लेक्सवरून तो गेल्याचं कुणी काही बोललं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, किंवा सगळ्यांच्या आलं होतं.

दुपारी कॅफेत त्यानं पान उघडलं. मित्रांचा आकडा एकानं उतरला होता. कोण गेलं हे ऑर्कुट सांगत नाही, ते आपलं आपण शोधायचं. त्यानं आधी गुलाब शोधला. गुलाब होता. त्याला हायसं वाटलं, आणि मग आपल्याला हायसं वाटलं हे त्याच्या ध्यानात आलं. बाकीची नावं तपासायचं त्याला कारण नव्हतं, तरी त्यानं ती शेवटपर्यंत तपासली. आरिफ त्यांत नव्हता. मग आरिफचं पान उघडलं. तिथं अजून कुणालाही लिहिता येत होतं. त्यानं लिहिलं, 'भावा चुकलं माझं. लई लागलं काय?' एवढं लिहायला त्याला बराच वेळ लागला. मग पाठवायच्या बटणाशी बाण नेऊन तो थांबला. स्क्रॅपबुक उघडं असतं. हे गुंडू वाचणार. काय चुकलं म्हणून विचारणार. दानेश्वरी वाचणार. एका प्रश्नातून दुसरा निघेल, गाल निघेल, गन्या निघेल, हॉस्टेलसमोरची पोरं आपोआप गेली ते निघेल. शेजारच्या खोपट्यात कुणीतरी खोकलं. बसवेशनं एकेक अक्षर मागून पुढं पुसत आणलं, पांढरी चौकट रिकामी केली आणि लिहिलं, 'हाय. कसा आहेस?'

ते गेलं. मग पान पुन्हा पुन्हा नव्यानं उघडत तो बसून राहिला, आणि उत्तर आलंच तर ते कोणत्या अर्थानं घ्यायचं याचा आतापासूनच विचार करू लागला.